गाड्यांची इर्जिक

आमच्या घरात वाहतुकीचं काम करणाऱ्या दोघी आहोत. एक मी, पगारी. दुसऱ्या माझ्या सासूबाई, बिनपगारी. मी इंदापूर रस्त्यावरच्या बिझनेस पार्कच्या ऑफिसात बसून कुठली बस कुठल्या गेटनं सोडायची ते ठरवते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, डाव्या हातानं डोक्यावरचा मेथीचा भारा सावरतात आणि उजवा हात वर करून ट्रक थांबवतात. माझं सांगणं गेटवरचे वॉचमनसुद्धा दोनदा विचारून मग ऐकतात. आत्यांचं ट्रकवाले एका हातात ऐकतात. हे मी मत्सरानं लिहीत नाहीये. बरं, थोडं मत्सरानं लिहितेय.

भानगड अशी की आमचं घर कन्हेरीच्या अंगाला, रस्त्याच्या अलीकडं, आणि सव्वा एकराचा एक तुकडा रस्त्याच्या पलीकडं, पार्कच्या भिंतीला लागून. तो तुकडा आत्यांचा. म्हणजे कागदावर सगळ्यांचा, पण तिथली मेथी, कोथिंबीर, शेपू, सगळा कारभार त्यांचा. सकाळी जायचं, भाजी उपटून भारा घेऊन यायचं. दुपारी घरी बसून जुड्या बांधायच्या. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी पाटी घेऊन पुन्हा पलीकडं, पार्कच्या गेटाशी बसून विकायची आणि रिकामी पाटी घेऊन परत. दिवसाला चार वेळा रस्ता. त्या नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा ह्या रस्त्यावर म्हणे कोंबड्या बसायच्या आणि एसटी आली की ड्रायव्हर उतरून त्यांना हाकलायचा. कोंबड्यांचं खरं मानायला मी तयार आहे, ड्रायव्हर उतरायचा हे मात्र आत्यांनी घरचं घातलेलं असणार.

मग पार्क आला. आधी एक काचेची इमारत, मग तिला शेजारीण, मग सगळी गल्लीच. बारामतीतनं, भवानीनगरहून, पार इंदापुरातनं पोरं-पोरी कामाला यायला लागली आणि येताना प्रत्येकानं गाडी आणली. मलाही तिथंच नोकरी लागली. माझं माहेर इंदापूरचं, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीतलं, त्यामुळं ‘हिला गाड्यांच्या गर्दीची सवय हाय’ असं आत्यांनी सगळ्या आळीत सांगितलं होतं. सवय कसली डोंबलाची.

एका संध्याकाळी एका मोटारसायकलचं हँडल आत्यांच्या पाटीला लागलं. आत्या रस्त्यावर बसल्या, जुड्या सगळीकडं. लागलं काही नाही. त्यांनी त्या मोटारसायकलवाल्याच्या सात पिढ्या तिथंच बसून काढल्या, त्याच्याकडून एकूण एक जुडी गोळा करून घेतली आणि वर त्यालाच दोन जुड्या घ्यायला लावल्या. घरी आल्या त्या हसतच. मी चहा दिला. त्यांच्या हातात कपबशी वाजत होती. मी बघितलं तशा म्हणाल्या, “थंडी हाय.”

चैत्र होता. बाहेर अंगाची लाही होत होती.

त्या दिवसापासून मला भीती बसली. संध्याकाळी साडेसहाला माझं ऑफिसातलं लक्ष उडायचं. खिडकीतनं गेटाजवळची पाटी दिसली की बरं वाटायचं, पाटी दिसेनाशी झाली की आता त्या रस्त्यावर असतील म्हणून मी काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहायचे. माझे दोन्ही दीर म्हणायला लागले, आई, तो तुकडा पार्कला देऊन टाकू, त्यांना पार्किंगला पाहिजेच आहे. आत्यांनी एकदाच सांगितलं, “माझं घर हितं, माझं शेत तितं. मदी ह्यो रस्ता आला. इकायचं आसंल तर रस्ता इका.”

दीर गप्प बसले. पण असे दीर फार दिवस गप्प बसत नाहीत.

आता आमच्या साहेबांबद्दल. पार्कची सगळी व्यवस्था बघणारा माणूस. स्वभावानं लाखात एक, पण कागदावर तक्ता आखला की प्रश्न सुटला असं त्यांना मनापासून वाटतं. सकाळी नऊला रस्त्यावर गाड्यांची गच्च कोंडी व्हायची, म्हणून त्यांनी युक्ती काढली: सगळ्या कंपन्या एकदम भरायला नकोत, एक आठला, एक नऊला, एक दहाला. तक्त्यात फार सुरेख दिसलं. प्रत्यक्षात झालं असं, की आमच्याकडची पोरं तिघं तिघं एका गाडीवर यायची. (तिघं बसणं चूक आहे, ठाऊक आहे मला, पण बसायची.) एक पॅकिंगला, एक कॉल सेंटरला, एक हिशेबनीस. वेळा वेगळ्या झाल्या तसे तिघांनी तीन गाड्या काढल्या. महिन्याभरात एका कोंडीच्या जागी तीन कोंड्या झाल्या आणि साहेब खिडकीशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, वाढ फारच झपाट्यानं होतीय हो.”

मी म्हटलं, “हो ना.” नोकरी माझी नवी होती.

मग ठरलं की शास्त्रशुद्ध मोजणी करायची. आमच्या चौकात सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती गाड्या जातात ते मोजायचं, आणि तो आकडा रस्त्याच्या खात्याकडं द्यायचा. आकडा पुरेसा आला तर चौकात सिग्नल मिळेल. पुण्याहून एक तरुण इंजिनिअर येणार होता. तो इंदापूरकडची बाजू मोजणार, बारामतीकडची मी. “स्थानिक माणूस पाहिजे,” साहेब म्हणाले.

हे सगळं मी त्या रात्री जेवताना घरी सांगितलं. तिथं माझं चुकलं. आणि नुसतं तेवढं सांगून गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मला जरा ज्ञान पाजळायची खोड आहे. मी सांगितलं, की सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत, मोटारसायकल अर्धीमुर्धी धरतात, आणि ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या असल्या की तो एकटा कितीतरी मोटारींच्या बरोबरीचा.

आत्या भाकरी मोडता मोडता थांबल्या. “मंजी ट्रॅक्टर लई आले तर लाल दिवा मिळंल?”

“मिळायची शक्यता जास्त.”

“बरं,” म्हणाल्या आणि मला आणखी कालवण वाढलं. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. आत्या मला न मागता कालवण वाढत नाहीत.

इर्जिक हा शब्द हल्ली सांगावा लागतो. पूर्वी एखाद्याची नांगरट मागं राहिली, बैल नाहीत, घरात आजारपण आहे, तर तो गावाला सांगावा धाडायचा. ज्यांच्याकडं बैल आहेत ते सगळे एका दिवशी त्याच्या रानात औतं घेऊन उतरायचे, दिवस मावळायच्या आत रान उलटं करायचे आणि त्याच्या दारात जेवून घरी जायचे. मजुरी कुणी मागायची नाही. जेवण मात्र जंगी पाहिजे, आणि पुढं कुणाची इर्जिक निघाली की त्यानंही गेलं पाहिजे. आत्यांनी आयुष्यात लोकांच्या इर्जिकींना किती भाकरी थापल्या असतील त्याला मोजदाद नाही. स्वतःची कधी काढली नव्हती.

मोजणीच्या दिवशी पहाटे त्यांनी मला विचारलं, “साठ माणसाला तांदूळ किती लागंल गं?”

“साठ? कशाला?”

“इर्जिक हाय.”

“कुणाची?”

“माझी. पर बैलं न्हाईत. गाड्या हाईत.”

मला सगळं एका क्षणात कळलं. तेव्हा मी त्यांना थांबवू शकले असते. साहेबांना फोन करून मोजणी पुढं ढकलू शकले असते. मी काय केलं? “पाच किलो तरी लागंल,” म्हटलं आणि स्कूटीला किक मारली. कपबशी वाजत होती ती माझ्या डोक्यातनं जात नव्हती, एवढंच सांगते. बाकी समर्थन काही नाही.

सकाळी सात ते नऊ सगळं सुरळीत होतं. चौकाच्या कोपऱ्यावर पंक्चरवाल्या चाचांचं दुकान आहे, त्यांच्या पत्र्याच्या सावलीत मी तक्ता मांडीवर घेऊन बसले होते. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी, अशी घरं. गाडी गेली की रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. इंजिनिअर रस्त्याच्या पलीकडं छत्री लावून बसला होता.

नऊ वाजून गेले आणि आमच्या शेजारच्या पाटलांचा ट्रॅक्टर आला. मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, वर दोन भोंगे, भोंग्यांवर लावणी. गेला. मी रेघ मारली. दहा मिनिटांनी तोच उलट दिशेनं आला. मी रेघ मारली. पुन्हा आला. त्याच्या मागं पाण्याचा टँकर, त्याच्या मागं मंडपवाल्याचा टेम्पो, मग बँडवाल्यांची गाडी, तिच्या टपावर रिकामा ढोल. मग जेसीबी. मग ऊसतोडणीचं हार्वेस्टर आलं, ते आख्खा रस्ता अडवून, आणि मी तक्त्यात त्याचं घर शोधत बसले. शेवटी ट्रॅक्टरमध्ये घातलं. एका पैलवानानं शर्यतीचे बैल गाडीला जुंपून आणले होते. त्यानं दोनच फेरे मारले. रविवारी बैलांना पळायचं होतं, त्यांना दमवायला तो काही राजी नव्हता.

चाचा उठून हवेचा पाइप हातात घेऊन उभे राहिले होते. “आज हवा फुकाट हाय, चला, मारा फेरा!” असं ओरडत होते. सिग्नल झाला की गाड्या दुकानासमोर थांबणार, त्यामुळं त्यांचाही जीव त्यात अडकला होता. आणि वळणावर आत्या. कमरेला पदर खोचून, घागरभर ताक घेऊन. फेरा मारून येणाऱ्याला एक ग्लास. मधनंच त्यांनी मलाही आणून दिलं. “पी. ऊन लागंल.” मी प्याले. चांगलं झालं होतं, जिरं घातलेलं.

दुपारी इंजिनिअर घाम पुसत माझ्याकडं आला. बिचारा गोरापान पोरगा, नाक भाजून लाल झालेलं. म्हणाला, “मॅडम, इथली वाहतूक जरा वर्तुळाकार वाटते.”

मी म्हटलं, “उसाचा हंगाम जवळ आलाय. तयारी चाललीय.”

“त्यासाठी बँडची गाडी?”

“आमच्याकडं हंगाम जोरात सुरू करतात.”

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी आत्यांनी त्याला हाताला धरून घरी आणला. “दिवसभर मोजून दमलास बाबा, चार घास खाऊन जा.” आमटी, भात, गुळाची लापशी, वर तुपाची धार. साठ माणसं अंगणात पंगतीला बसली होती, आणि ज्यांना ज्यांना त्यानं दिवसभर मोजलं होतं ती सगळी त्याच्या शेजारी बसून त्यालाच आग्रह करत होती. तो तीनदा भात घेऊन उठला. आत्यांना इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं. पाटलांच्या ट्रॅक्टरवाल्यानं तर बाहेर पडताना विचारलं, “आत्या, उद्या बी येऊ का?”

तीन आठवड्यांनी अहवाल आला. साहेबांनी मला बोलावून पडद्यावर नकाशा दाखवला. आकडा इतका मोठा आला होता की सिग्नलनं भागणार नाही असं त्यात लिहिलं होतं. एवढी वाहतूक थांबवत राहिलं तर रांग पार कन्हेरीपर्यंत जाईल. त्यामुळं आमचा चौक बंद. रस्त्याच्या मधोमध उंच दुभाजक, सलग. पलीकडं जायचं असेल त्यानं इंदापूरच्या दिशेला पेट्रोल पंपाच्या पुढं जायचं, तिथनं वळून परत यायचं.

साहेबांनी विचारलं, “कसं वाटतं?” मी म्हटलं, “छान.”

घरी आत्या कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या मला वाटलं तशा ओरडल्या नाहीत. निवडतच राहिल्या.

“पेट्रोल पंपाच्या फुडं?”

“हो.”

“चालत?”

मीही एक काडी उचलून निवडायला लागले.

“मंजी जायला येक किलोमीटर आन वळून यायला येक. आन तसं चार येळा. डोक्यावर भारा घिऊन.” मग त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली. “येक सांग. तू समद्यास्नी मोजलंस. पाटलाचा ट्रॅक्टर मोजला, जेसीबी मोजला, त्या पैलवानाची बैलगाडी मोजली. मला कुठं घातलंस?”

मी फोनवर तक्त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो उघडला. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

“मी त्या दिवशी बी चार येळा गेले-आले,” आत्या म्हणाल्या. “तुझ्या म्होरनं. तुला ताक दिलं न्हवं का?”

दिलं होतं. मी ते प्यायले होते, ग्लास परत केला होता आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या तेव्हा पेन तसंच हातात धरून पुढच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसले होते. रेघ मारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. ज्या बाईसाठी एवढा खोटा घाट घातला, तिला सोडून मी सगळं गाव मोजलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी उठून चुलीपाशी जाऊन उगीच भांडी हलवत बसले.

दोन दिवसांनी दीर आले. तुकड्याचा विषय निघाला. आत्या आजवर ज्या विषयाला जागेवर पाणी पाजायच्या, त्यावर त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “बघू.”

त्यांच्या तोंडून ‘बघू’ मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. शेवटी मी ठरवलं, नोकरी जाईल तर जाऊ दे, इंदापूरला भाऊ आहे, तो काही उपाशी ठेवणार नाही.

पण नुसतं ‘खोटं होतं’ सांगून साहेब ऐकणार नव्हते, त्यांना तक्ता लागतो. मी आत्यांना विचारलं, कोण किती फेरे फिरला, आठवतं का? आत्या म्हणाल्या, “न आठवायला काय झालं? प्रत्येक फेऱ्याला ग्लास मीच दिला की.” आणि सगळं घडाघडा सांगितलं. पाटलाचा ट्रॅक्टर अकरा. टँकर नऊ. मंडपवाला सात, त्यातला एक अर्धा, कारण डिझेल संपलं. पैलवान दोन, पण ग्लास चार, दोन बैलांच्या नावानं प्याला. मी लिहीत गेले. माझ्या शास्त्रशुद्ध मोजणीपेक्षा त्यांची ताकाची मोजणी जास्त चोख होती.

ती यादी घेऊन मी साहेबांपुढं उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कालवणापासून. साहेब ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग कान लाल झाले.

“म्हणजे ती बँडची गाडी...”

“आमच्या भावकीतलीच आहे, साहेब.”

“आणि तुम्ही तिथं बसून रेघा मारत होता?”

“हो.”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?” ते ओरडले. माझ्यावर ते पहिल्यांदाच ओरडले, आणि त्यांचं बरोबर होतं. मग मी म्हटलं, साहेब, मला काय बोलायचं ते बोला, पण त्या तक्त्यात अजून एक चूक आहे आणि ती खोटेपणानं झालेली नाही. चालणाऱ्याचं घरच नाहीये त्यात. मी माझ्या सासूला मोजलं नाही.

साहेबांनी तक्ता पुढं ओढला आणि घरं एकेक करून वाचली. तो तक्ता त्यांनीच पसंत केलेला होता. शेवटी म्हणाले, “पुन्हा मोजायचं. आता हंगामही सुरू झालाय, खरं काय ते दिसेल. ह्या वेळी तुमच्याशेजारी मी बसणार. आणि गावात सांगा, एक माणूस जरी विनाकारण फिरताना दिसला तर याद राखा.”

मी गावात सांगितलं. चाचांनी त्यांच्या परीनं आणखी कडक करून सांगितलं. झालं. आमच्या गावाला कुठलीही गोष्ट मापात करता येत नाही. मोजणीच्या दिवशी सकाळी साडेसात झाले, आठ झाले, आमच्या बाजूनं रस्त्यावर चिटपाखरू नाही. साहेब तक्ता धरून बसलेले, चाचांनी दुकानच उघडलेलं नाही. मी पाटलांच्या घरी फोन लावला तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, “वैनी, आमी घरातच हाय. कुनीबी भाईर पडलं न्हाय. तुमी बिनघोर ऱ्हावा.”

“अरे, ऊस कोण घालणार कारखान्याला?”

“उद्या घालू.”

“कामाला जा रे बाबांनो!” मी चौकात उभी राहून फोनवर ओरडत होते. “रोजच्यासारखे जा! कमी नको, जास्त नको!” दूधवाल्याला फोन, टेम्पोवाल्याला फोन, पॅकिंगच्या पोरांना फोन. एकजण म्हणाला, मी रजा टाकलीय. मी म्हटलं, ती आधी रद्द कर. साहेब माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सगळं खरं वाटलं. ते हसायला लागले ते डोळ्यात पाणी येईपर्यंत. साडेआठपर्यंत एकेक गाडी आली, ओशाळलेल्या चेहऱ्यानं, माझ्याकडं न बघता.

सकाळी आल्या आल्याच मी तक्त्याच्या उजव्या कडेला पट्टी लावून एक घर आखलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘पायी’. अगदी चिंचोळं घर. मला वाटलं, आत्यांच्या चार रेघा, दुसऱ्या कुणाच्या चार-दोन. असून असून किती असणार?

दहा वाजायच्या आत ते घर भरलं. पार्कमध्ये झाडलोट करणाऱ्या बायका. कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या. एसटीतनं अलीकडं उतरून पलीकडं जाणाऱ्या पोरी, एका हातानं ओढणी धरून धावत सुटणाऱ्या. खुरपायला जाणाऱ्या बायांचा घोळका, डबा कमरेला. शाळेची मुलं, एकमेकांचे हात धरून. माझ्या खिडकीखालून ह्या रोज जात होत्या. मी स्कूटीवरनं ह्यांनाच हॉर्न वाजवत होते. साहेबांनी मला दुसरा कागद दिला, मग तिसरा. त्यांच्या केबिनमध्ये रोज पाण्याचा जग भरून ठेवणारी बाई रस्त्याच्या मधोमध दोन ट्रकच्या मध्ये अडकून उभी होती, ती त्यांना दिसली. ते उभेच राहिले, ती पलीकडं पोचेपर्यंत.

आत्या नऊला आल्या. मी रेघ मारताना त्यांना दाखवली. त्यांनी वाकून बघितली.

मी हळूच म्हटलं, “आणखी एखादी मारू का?”

“नगं,” म्हणाल्या. “चारच येळा जाते मी. चारच मार.”

पुढचं सगळं काही लगेच झालं नाही. पत्रं गेली, आली, मोठे अधिकारी येऊन उन्हात उभे राहून गेले. साहेबांनी मात्र एक काम आपल्या हातातलं होतं ते ताबडतोब केलं. कंपनीवार वेळा रद्द करून गाववार केल्या. एका गावच्या सगळ्यांची एकच वेळ आणि त्यांना एकच बस. तिघांच्या तीन गाड्या घरी राहिल्या. ही कल्पना माझी, असं ते मीटिंगमध्ये सांगतात, आणि नंतर केबिनमध्ये मला म्हणतात, “मॅडम, तुमच्यावर अजून माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही बरं का.” मी म्हणते, बरोबर आहे साहेब.

दुभाजक झाला, पण आमच्या चौकात तो तोडून ठेवला, आणि सिग्नल आला. खांबाला खाली चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र. दिव्याचं पहिल्या दिवशी चाचांनी नारळ फोडून स्वागत केलं. दीर आले होते, त्यांनी दिवा बघितला आणि तुकड्याचं काही बोलले नाहीत. आत्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन कडेला उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात वर केला नाही. दिव्याकडं बघत राहिल्या. मी ऑफिसातनं खाली उतरून समोरच्या कडेला उभी होते.

हिरवा माणूस लागला. आत्या निघाल्या, आपल्या चालीनं. पण तो हिरवा माणूस तरुण असावा, त्याला घाई होती. आत्या अर्ध्या रस्त्यात असतानाच तो लाल झाला आणि पुढच्याच ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबला. पाटलांचाच तो, दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या, भोंग्यावर लावणी, अकरा फेरेवाला.

आत्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. पाटी सावरली आणि त्याच्याकडं वळून बघितलं.

“वाजीवतो काय रं? थांब जरा. आता मला बी मोजलंय.”

त्यानं हॉर्न सोडला, मग गाणंही बंद केलं. आत्या पलीकडं आल्या, माझ्या हातात पाटी दिली. मला ती वाजणारी कपबशी आठवली, पण आज त्यांचे हात थरथरत नव्हते.